सोयीचं पडतं

भारतीय रेल्वेच्या मते बाई ४५व्या वर्षी वरच्या बर्थवरून खाली येते. ४५ पूर्ण झालेल्या बाईला, तिनं मागितला नसला तरी, शिल्लक असेल तर खालचा बर्थ द्यावा, अशी आरक्षणाच्या संगणकाला शिकवण आहे. पुरुषाच्या बाबतीत तो ६० पर्यंत थांबतो. गुडघे दोघांचेही कुरकुरतात, पण पुरुषाच्या गुडघ्यांवर रेल्वेचा पंधरा वर्षं जास्त विश्वास आहे. ५८व्या वर्षी रेल्वे बाईला रीतसर ज्येष्ठ नागरिक मानते. पूर्वी या ज्येष्ठत्वाबरोबर तिकीट निम्म्यात मिळायचं. मार्च २०२० मध्ये ते बंद झालं. सवलत गेली, ज्येष्ठत्व तेवढं राहिलं.

एसटीचं गणित वेगळं. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे ६५व्या वर्षी मिळणाऱ्या अर्ध्या तिकिटाचं आम्हाला अप्रूप उरलेलं नाही. ७५ झाली की प्रवास फुकट. म्हणजे तोपर्यंत बाईला वय विचारायचं कंडक्टरला काही कारणच नाही, आणि हा मला महामंडळाचा सर्वांत सुसंस्कृत निर्णय वाटतो. राज्य सरकार आपल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना ५८व्या वर्षी नारळ देतं, बँका ६०नंतर ठेवीवर थोडं जास्त व्याज देतात, आयकर खातं ६०ला ज्येष्ठ म्हणतं आणि ८०ला अतिज्येष्ठ.

एवढ्या मोठाल्या कचेऱ्यांचं बाईच्या वयाबद्दल एकमत होत नाही. नातेवाइकांचं मात्र लगेच होतं. त्यांच्याकडे एकच प्रश्न असतो, ‘आता या वयात शोभतं का?’, आणि तो कुठल्याही वयात चालतो. तेराव्या वर्षी फ्रॉक घातला की, एवढी घोडी झालीस, शोभतं का? बाळंतपणानंतर केस कापले की, एका मुलाची आई तू, शोभतं का? पन्नाशीत लाल लिपस्टिक लावली की, घरात जावई यायची वेळ झाली, शोभतं का? सगळा हिशोब मांडला तर मराठी बाई अंगावर जे काही घालते, त्या प्रत्येक गोष्टीसाठी ती जरा जास्तच म्हातारी असते. याला अपवाद फक्त खऱ्या म्हातारीचा. तिला काय शोभतं याची यादी तयार आहे : फिकट रंग, बारीक काठ, जप आणि मोतीबिंदू.

या प्रश्नाशी भांडत बसण्यात आमच्या बायकांनी वेळ घालवला नाही. त्यांनी उत्तर शोधून काढलं. ‘आवडतं म्हणून घातलं’ असं म्हटलं की भुवया वर जातात, गावाकडे फोन होतात. ‘सोयीचं पडतं’ म्हटलं की विषय संपतो. हौस हा गुन्हा आहे, सोय हा नाइलाज आहे, आणि नाइलाजाला आपल्याकडे फार मान आहे. गेल्या दोन-तीन पिढ्यांत मराठी बाईच्या पेहरावात जे काही बदललं, त्यातलं निम्मं तरी या दोन शब्दांच्या आडून बदललं असं माझं ठाम मत आहे.

माझी आजी नऊवारी नेसायची. आई लग्नानंतर सहावारीत आली तेव्हा घरात बराच खल झाला म्हणे. आईनं वाद घातला नाही. ‘लोकल पकडायला सोयीचं पडतं,’ एवढंच म्हणाली. नऊवारी नेसून आजी विहिरीवरून पाणी आणायची, झाडावर चढून चिंचा पाडायची. तिच्या कासोट्यापुढे आईची पायघोळ सहावारी लोकल पकडायला कुठून सोयीची असणार? पण हे कुणीही आईला विचारलं नाही. सोय म्हटल्यावर पुरावा मागायची पद्धत नाही.

पुढे मी नोकरीला लागल्यावर पंजाबी ड्रेस घालायला लागले, तेव्हा सासूबाईंनी त्याला ‘ऑफिसपुरता’ परवाना दिला. म्हणजे ड्रेस घालून घराबाहेर पडायचं, पण सणाला, पाहुण्यांपुढे आणि सासऱ्यांच्या पानात वाढताना साडी. हा नियम बरीच वर्षं पाळला गेला. मग सासूबाई एका टूर कंपनीबरोबर चारधामला गेल्या. तिकडून फोटो आला. मागे बर्फाचे डोंगर, पुढे घोडा, घोड्यावर सासूबाई. अंगात गुलाबी पंजाबी ड्रेस, पायांत पांढरेशुभ्र बूट, डोक्यावर कंपनीची टोपी आणि चेहऱ्यावर असं हसू की मी ते लग्नाच्या अल्बममध्येही पाहिलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनीच खुलासा केला, ‘घोड्यावर बसायला सोयीचं पडतं.’ घोडा केदारनाथला राहिला, ड्रेस डोंबिवलीला आला. त्यानंतर त्यांनी तसलेच आणखी चार शिवून घेतले. डोंबिवलीत घोडा कुठे आहे, असं विचारण्याचा मोह मी आवरला, कारण माझाही ‘ऑफिसपुरता’ नियम त्याच घोड्याच्या टापांखाली गेला होता.

मराठी बाईच्या फॅशनच्या इतिहासात सहलीला मोठं स्थान आहे. नवीन कपडा आधी परप्रांतात घालून बघायचा, तिथे काही झालं नाही तर घरी आणायचा. माझी पहिली जीन्स मी ‘थंडी असते’ म्हणून सिमल्याला नेली. परत आल्यावर ती थंडी मुंबईतसुद्धा पडायला लागली.

सोयीच्या या परंपरेतला कळस म्हणजे गाऊन. मुळात हा रात्री झोपताना घालायचा कपडा. आमच्या सोसायटीत तो सकाळी दूध घेताना सुरू होतो. त्यावर ओढणी टाकली की तो पूर्ण पोशाख होतो. गाऊन-ओढणीत बाई सिलिंडर घेऊ शकते, भाजीवाल्याशी घासाघीस करू शकते, पोलिओच्या डोसाला नातवंडाला नेऊ शकते आणि पाण्याच्या टाकीबद्दलच्या तातडीच्या सभेत सेक्रेटरीला खडे बोल सुनावू शकते. ओढणी मॅचिंग असलीच पाहिजे असं नाही. बहुधा ती कुठल्या तरी वारलेल्या ड्रेसची असते. आणि रात्र झाली की काही जणी झोपण्यासाठी दुसरा गाऊन घालतात, कारण हा ‘बाहेरचा’ झालेला असतो.

हे गाऊन येतात कुठून, तर पुष्कळदा लेडीज डब्यातून. पश्चिम रेल्वेनं ५ मे १९९२ला चर्चगेट–बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सोडली, तेव्हा त्यांनी गर्दीचा विचार केला असेल. आपण फिरती बाजारपेठ सोडतोय हे लक्षात आलं नसावं. मध्य रेल्वेवर आमच्याकडेही तेच. ठाण्याला कानातल्यांचं जाळं गळ्यात अडकवून एक बाई चढते आणि मुलुंड यायच्या आत अर्धा डबा एका कानात झुमका आणि दुसऱ्या कानात रिंग घालून एकमेकींना विचारत असतो, ‘कुठलं बरं दिसतं?’ इथे खोटं बोलत नाहीत. कायम जड कानातलं घालून माझ्या कानाची भोकं ओघळली आहेत, हे मला आरशानं सांगितलं नव्हतं. समोरच्या सीटवरच्या अनोळखी बाईनं सांगितलं, आणि ती शिवून मिळतात हे तिच्या शेजारणीनं. दोघींनी मिळून डॉक्टरही सुचवला. कुर्ल्याला दोघी उतरल्या.

नवरात्रात तर हा डबा बघावा. एका मराठी वर्तमानपत्रानं नऊ दिवसांचे नऊ रंग छापायला सुरुवात केली आणि बघता बघता तो धर्माचाच भाग झाला. पिवळ्या दिवशी पिवळं न नेसलेली बाई डब्यात चढली की सगळ्याजणी तिच्याकडे काळजीनं बघतात. घरी काही झालं का, असं विचारतात. या रंगांचा मोठा फायदा असा, की त्या नऊ दिवसांत कुणाला काय शोभतं हा प्रश्न उरत नाही. विशीतली ट्रेनी आणि निवृत्तीला आलेली हेडक्लार्क एकाच भडक नारिंगीत उभ्या असतात. फक्त करड्या रंगाच्या दिवशी पंचाईत होते. करडी साडी कुणाच्याच कपाटात नसते. एका वर्षी मी निळ्या साडीत गेले, तर आमच्या ग्रुपमधली एक माझ्या डोक्याकडे बघून म्हणाली, ‘तुझं चालेल गं, तू केसांनी मॅच केलंयस.’

केसांचा विषय निघालाच आहे, तर तो उरकून टाकू. म्हणजे उरकत नाही हाच त्याचा त्रास आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे रंगवलेल्या बाईच्या भांगात तीन आठवड्यांत पांढरी रेघ उगवते. लग्नकार्य त्या तीन आठवड्यांच्या आत येत नाही, ते नेहमी चौथ्या आठवड्यात येतं. मेंदी लावावी, तर तिच्यातला लॉसोन केसांतल्या केराटिनला घट्ट धरतो आणि पांढऱ्या केसांना थेट नारिंगी करतो. मग लोखंडी कढई, चहाचं पाणी, कात, बीट असे प्रयोग सुरू होतात. त्या दिवशी कढईत भाजी करायची की केस, यावर घरात मतभेद होतात. ‘काळी मेंदी’ म्हणून जी मिळते, तिच्यात बहुधा पीपीडी नावाचा रंग असतो आणि तो काहींना चांगलाच बाधतो. कानामागे थोडा लावून दोन दिवस वाट पाहा, असं पाकिटावर लिहिलेलं असतं. पण ते इतक्या बारीक अक्षरांत, की ज्यांना रंगाची गरज असते त्यांना नेमकं तेच वाचता येत नाही.

यावर उपाय म्हणून केस पांढरेच ठेवणाऱ्या बायकांचा एक पक्ष अलीकडे वाढतो आहे. माझी सहानुभूती आहे. पण त्यांच्या प्रचाराला मी घाबरते. केस रंगवणारी बाई कधी ‘तूही रंगव’ म्हणत नाही, ती आपलं मुकाट्यानं वर्तमानपत्र पसरून बसते. केस पांढरे ठेवणारी मात्र पहिल्या भेटीत ‘मुक्त वाटतं’ असं सांगते आणि आपल्या भांगाकडे दयेनं बघते. शिवाय पांढरे केस ‘नैसर्गिक’ दिसावेत म्हणून लागणारा जांभळा शाम्पू, चांदीचे झुमके, लिनेनची साडी आणि योग्य कोनातला ऊन पडलेला फोटो, या सगळ्याचा खर्च माझ्या रंगाच्या पाकिटापेक्षा बराच जास्त येतो.

मध्यंतरी मी आणि मुलगी एकाच पार्लरमध्ये शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलो होतो. माझे करडे केस काळे होत होते. तिचे काळेभोर केस आधी ब्लीच करून मग ‘ॲश ग्रे’ होत होते. मला रंग लावणारी मुलगी म्हणाली, ‘मॅडम, किती छान सिल्व्हर आलंय तुमचं नैसर्गिक, लोक पैसे देऊन करतात!’ मी म्हटलं, ‘मी पैसे देऊनच घालवतेय, तू लाव.’ तीन तासांनी आम्ही एकमेकींचं डोकं घालून बाहेर पडलो. दोन्ही डोक्यांचं बिल मी भरलं.

त्वचेच्या बाबतीत माझी पिढी साध्या साधनांवर वाढली. दिवाळीत उटणं, एरवी साय-बेसन, आणि बाकी सगळ्याला कैलास जीवन. भाजलं, खरचटलं, टाचेला भेगा पडल्या, डास चावला, परीक्षेचं टेन्शन आलं, तरी आई तीच डबी काढायची. मुलीच्या टेबलावर आज ज्या बाटल्या आहेत त्यांची नावं मला दहावीच्या रसायनशास्त्रातही आली नव्हती : नायसिनामाइड, हायलुरोनिक ॲसिड, रेटिनॉल. कुठली कुठल्यानंतर, कुठली रात्री, कुठली कुठलीबरोबर अजिबात नाही, हे तिला तोंडपाठ आहे. तिला बेचा पाढा विचारला की ती मोबाइल काढते. सनस्क्रीनचं तिनं मला शास्त्र समजावलं. एसपीएफ ३० हा यूव्हीबी किरण साधारण ९७ टक्के अडवतो, ५० हा ९८ टक्के. त्या एका टक्क्याची किंमत मी डबीवर वाचली. शिवाय ते चेहरा आणि मान मिळून दोन बोटं भरून लावायचं आणि उन्हात दर दोन तासांनी पुन्हा. दोन बोटं भरून लावल्यावर मी आरशात पाहिलं, तर दशावतारात मला त्याच रात्री काम मिळालं असतं.

आमच्या वेळी गोरं होण्याचं वेड होतं, आता चमकण्याचं आहे. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ साली आली आणि २०२० मध्ये ‘ग्लो अँड लव्हली’ झाली. पंचेचाळिसाव्या वर्षी नाव बदलून नव्यानं सुरुवात करणारी माझ्या पाहण्यात ती एकटीच.

कपड्यांचं खरं वय मात्र टेलरला ठाऊक असतं. ब्लाऊज शिवताना ‘आत दोन शिवणी जास्त ठेवा’ असं सांगणारी बाई भविष्याकडे डोळसपणे बघत असते. दर काही वर्षांनी एक शिवण उसवते, ब्लाऊज श्वास घेतो. आमचे टेलर अत्यंत सभ्य आहेत. माप घेताना आकडा मोठ्यानं उच्चारत नाहीत, वहीत लिहून वही मिटतात. पूर्वी म्हणायचे, ‘मागचंच माप ना?’ आता म्हणतात, ‘एकदा घेऊन टाकू, टेप काय हाताशीच आहे.’ बाह्यांचंही एक पंचांग आहे. विशीत बाही नसते, तिशीत ती खांद्यावर दिसू लागते, चाळिशीत दंड झाकते, पन्नाशीत कोपरापर्यंत येते. गेल्या दिवाळीला मी बिनबाह्यांचा ब्लाऊज शिवायला टाकला. टेलरनी वहीतून डोकं वर काढलं आणि थांबले. मी चटकन म्हटलं, ‘उकडतं हो फार.’ ते म्हणाले, ‘बरोबर आहे, सोयीचं पडतं.’

पन्नाशीला आलं की ‘सोयीचं पडतं’च्या जोडीला आणखी भारी वाक्य हाताशी येतं : ‘डॉक्टरांनी सांगितलंय.’ भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७च्या आसपास आहे. म्हणजे रेल्वे खालचा बर्थ देते त्याच सुमाराला शरीरही आपलं वेळापत्रक बदलतं. भर डिसेंबरात, खिडकीशी उभं असताना, आतून शेगडी पेटल्यागत घाम फुटतो. लेडीज डब्यात अशा वेळी काही बोलावं लागत नाही. कुणीतरी पंखा फिरवते, कुणी पुठ्ठ्यानं वारा घालते, तिसरी म्हणते, ‘माझं दोन वर्षांत थांबलं, तुझंही थांबेल.’ यानंतर हाडांतलं कॅल्शियम भराभर उतरायला लागतं. डेक्सा नावाची तपासणी असते. तिच्यात टी-स्कोअर उणे अडीच किंवा त्याखाली गेला की हाडं ठिसूळ झाली म्हणतात. शाळेत गणितात उणे मार्क नव्हते हे किती बरं होतं, ते तो कागद हातात आल्यावर कळतं.

तर मला डॉक्टरांनी फक्त एवढंच सांगितलं होतं की चाला, थोडं वजन उचला, कॅल्शियम घ्या, उन्हात बसा. त्या एका चिठ्ठीवर मी कितीतरी गोष्टी मिळवल्या. साडीखाली स्पोर्ट्स शूज घालते : डॉक्टरांनी सांगितलंय. रविवारी सकाळी मैत्रिणींबरोबर चालायला जाते आणि इडली खाऊन परत येते : डॉक्टरांनी सांगितलंय. दुपारी दार लावून झोपते, पोहण्याच्या तलावाचं कार्ड काढलं, बायकाबायकांच्या सहलीला हंपीला गेले : सगळं डॉक्टरांनीच सांगितलंय. आमचे डॉक्टर स्वभावानं मितभाषी आहेत, पण माझ्या घरात त्यांच्याइतकं बडबडं कुणी नाही.

घरचे माझ्या या ‘सेल्फ-केअर’च्या बाजूनंच असतात. नवरा नेहमी म्हणतो, ‘तू स्वतःकडे लक्ष देत जा.’ हे तो बाथरूममधून सांगतो, आणि पुढचं वाक्य ‘टॉवेल दे गं’ असं असतं. जागतिक महिला दिनाला सोसायटीत हाडांच्या तपासणीचं शिबिर भरलं, तर निम्म्या बायका ‘आधी यांना तपासा’ म्हणून नवऱ्यांना घेऊन आल्या. तिथे भाषण करणाऱ्या पाहुण्यांनीही आम्हाला स्वतःकडे लक्ष द्यायला सांगितलं; कारण काय, तर बाई धड असली की घर धड राहतं. म्हणजे माझं हाडसुद्धा घराच्या सोयीसाठीच मजबूत हवं. ते नुसतं माझं आहे म्हणून मजबूत असावं, असं कुणी म्हणेना. आणि खरं सांगायचं तर मीही टाळ्या वाजवल्या, कारण त्या वाक्यावर मला जिमचे पैसे मागता येणार होते.

आमच्या सगळ्या गोतावळ्यात ही दोन्ही वाक्यं कधीच न वापरणारी एकच बाई आहे, माझी मावशी. वय ७८. फुकट एसटीनं फिरते, वय विचारलं की आधार कार्डच पुढे करते. काका गेले तेव्हा तेराव्यानंतर तिनं कपाळाला टिकली लावली. भेटायला आलेल्या एका बाईनं विचारलं, तेव्हा आम्ही घाईघाईनं तिच्या बाजूनं कारणं शोधायला लागलो, कपाळाला सवय आहे, त्याशिवाय डोकं दुखतं वगैरे. मावशीनं आम्हाला थांबवलं. ‘मला आवडते,’ म्हणाली आणि चहा पुढे केला. पुढे मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवांचं कुंकू पुसण्या-बांगड्या फोडण्याच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याचं राज्यभर कौतुक झालं. मी मावशीला बातमी वाचून दाखवली. ती म्हणाली, ‘चांगलं केलं. मी तेव्हा ठराव करायला विसरले.’ नंतर टिकलीखाली पांढरा डाग यायला लागला तेव्हा मात्र त्वचेच्या डॉक्टरांनी टिकलीच्या डिंकावर संशय घेतला. त्यातल्या एका रसायनानं असे डाग पडतात. मावशीनं टिकली सोडून मेण-कुंकू घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून टिकली गेली. आवडतं म्हणून कुंकू आलं.

परवा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. निसर्गाची एक दयाळू व्यवस्था आहे : चाळिशीनंतर चेहऱ्यावर बारीक रेघा उमटायला लागतात आणि नेमकी त्याच वेळी जवळची नजर कमी होते. पार्लरमध्ये भिवया कोरताना चष्मा काढून ठेवतात, आणि झाल्यावर ‘बघा मॅडम’ म्हणून आरसा धरतात. चष्म्याविना मला माझ्या भिवया दर वेळी उत्तम वाटलेल्या आहेत. मोतीबिंदू ही या दयेची पुढची पायरी. त्यात स्वतःच्या सुरकुत्या दिसत नाहीत, दुसऱ्यांच्याही दिसत नाहीत आणि कोपऱ्यातली जळमटंही दिसत नाहीत. ऑपरेशननं ही सगळी व्यवस्था वीस मिनिटांत मोडीत निघते.

ऑपरेशनच्या दिवशी पावडर-काजळ लावू नका अशी सूचना होती. मावशी लिपस्टिक लावून गेली, सूचनेत लिपस्टिक नव्हती म्हणून. नर्सनं पुसली, मावशीनं तू कुठली वापरतेस म्हणून तिलाच उलट विचारलं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मावशीनं आधी माझ्याकडे पाहिलं. ‘अगं, तुझा चेहरा असा कधी झाला? झोपत नाहीस का?’ मग सोबत आलेल्या तिच्या भाच्याकडे : ‘तुला टक्कल आहे होय!’ घरी येऊन आरशासमोर उभी राहिली. बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही दोघं सांत्वनाची तयारी करून मागे उभे. मग ती म्हणाली, ‘सुरकुत्या बऱ्याच आहेत की. पण बघ, दोन्ही बाजूंना अगदी सारख्या पडल्यात.’

त्यानंतर तिनं कपाट उघडलं. पिकलेल्या मोतीबिंदूतून सगळं पिवळट दिसतं आणि निळा रंग हिरवट वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्यामुळे मावशीला खेळच मिळाला. ती एक डोळा हातानं झाके, मग दुसरा. तिची लाडकी साडी बाहेर निघाली. ‘या डोळ्यानं मोरपंखी,’ ती म्हणाली, ‘आणि या डोळ्यानं चक्क निळी! इतकी वर्षं मी ही मोरपंखी म्हणून नेसतेय. तुम्ही कुणी बोलला का नाहीत?’

मी म्हटलं, ‘निळीही छान दिसते तुला.’

‘दिसते ना. पण म्हणजे माझ्याकडे मोरपंखी नाहीच!’ तिनं पर्स घेतली. डॉक्टरांनी आठ दिवस धुळीत जाऊ नका म्हणून बजावलं होतं, तिला त्याची आठवण करून दिली. शेवटी घासाघीस होऊन आठ दिवसांनी दादरला जायचं ठरलं. बसल्या बसल्या तिनं यादी केली : मोरपंखी, काठ मोठे, पदर भरगच्च. मी सवयीनं म्हणाले, ‘दुसऱ्या ऑपरेशनला नेसायला होईल. सुती घे, सोयीची पडेल.’

‘सोयीची कशाला?’ मावशी म्हणाली, ‘रेशमीच घेणार. आणि हे बघ, दुकानदार आजींसाठी म्हणून फिकट घड्या उलगडायला लागला, तर तू मध्ये बोलू नकोस. मला आता सगळं दिसतं.’